"याला पुढे कोण बघणार" म्हणून दुसरं मूल?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत):

भांडुपला वन बीएचकेमध्ये राहणारी 35 वर्षांची आई. मुलगा 7 वर्षांचा, पत्रात त्याला त्यांनी नुसतं 'त' म्हटलंय. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं, तेव्हा अकाउंट्समधली नोकरी सोडली. थेरपीला महिन्याला 14 हजार जातात. नवरा ठाण्याला शिफ्टमध्ये काम करतो, शांत माणूस आहे, या विषयावर तर बोलतच नाही. घरात 68 वर्षांच्या सासूबाई. गेलं वर्षभर त्यांचं एकच चाललंय, की पाठीला पाठ हवी, आम्ही सगळे गेल्यावर याला कोण बघणार, वय निघून जायच्या आत दुसरं होऊ द्या. नणंदेचंही तेच, वर तिचा सल्ला असा की दुसरं झालं तर त्याला लसी देऊ नका. ताई लिहितात, "मला दुसरं मूल हवंय की नाही हेच कळत नाही. नको म्हटलं तर मी त ला एकटं सोडतेय असं वाटतं. हो म्हटलं तर मी एका जिवाला जन्माआधीच कामाला लावतेय असं वाटतं. मी स्वार्थी आहे का? आणि हे सगळं माझ्याचमुळे झालं का, कारण गरोदरपणात शेवटपर्यंत मी लोकलने जॉबला जात होते?"

ताई,

तुमच्या पत्रात एका ठिकाणी मी अडकले, आधी तेच सांगते. सुरुवातीला तुम्ही लिहिलंय की त बोलत नाही. आणि शेवटाकडे, अगदी जाता जाता लिहिलंय, की चुलतदिराच्या लग्नात बेंजो सुरू झाला तसं त्याने कान दाबून "पुढील स्टेशन भांडुप, अगला स्टेशन भांडुप, नेक्स्ट स्टेशन भांडुप" असं लावून धरलं, सगळे हसले आणि तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, पोरगं घरी चला म्हणत होतं. तेही तिन्ही भाषांत! ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलायचं आणि आपल्या गरजेला वापरायचं, ऑटिझम असलेली बरीच मुलं बोलायला अशीच सुरुवात करतात, थेरपिस्ट लोक याला इकोलेलिया म्हणतात. पूर्वी ते मोडून काढायच्या मागे लागायचे, आता त्याला धरूनच पुढची भाषा कशी आणता येईल ते बघतात. पुढच्या वेळी तो असं म्हणाला की तुम्ही लगेच "घरी जायचंय" असं त्याच्या वतीने म्हणा आणि खरंच त्याला घेऊन बाहेर पडा, जेवणाची पंगत बुडाली तर बुडू दे.

हे आधी काढलं कारण तुमचा प्रश्न जिथून सुरू होतो तिथेच एक गृहीत धरलेलं आहे, की त ला पुढे काहीच जमणार नाही, म्हणून त्याला आयुष्यभर "बघणारा" कुणीतरी लागणार. सात वर्षांच्या मुलाबद्दल हे आज कुणीच सांगू शकत नाही, मी नाही, सासूबाई नाहीत, डॉक्टरसुद्धा नाहीत. कदाचित लागेल आधार, बराच लागेल. कदाचित थोडा लागेल. पण त्याच्या पुढच्या तीस वर्षांचा निकाल आजच लावून त्या निकालावर दुसरं मूल उभं करायचं म्हणजे घाई होतेय.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या जरा व्हिलन झाल्यात, आणि वर्षभर रोज तेच ऐकल्यावर ते साहजिकच आहे. पण तुम्हीच लिहिलंय की त चा वरणभात त्याला लागतो तसा, एकही गुठळी न ठेवता, फक्त त्यांनाच कालवता येतो, आणि दुपारी तुम्ही तासभर आडव्या होता तेव्हा तो आजीच्या मांडीवर कालनिर्णयची पानं उलटत बसतो. त्या 68 वर्षांच्या आहेत. "आम्ही गेल्यावर" मधलं पहिलं जाणं त्यांच्या डोळ्यासमोर स्वतःचंच असणार. मी गेले तर याचा भात कोण कालवणार, ही त्यांची भीती आहे, आणि त्यांच्या पिढीला त्यावर एकच औषध माहीत होतं, पाठचं भावंड. त्यांना पाच भावंडं असतील, कुणी कुणाला सांभाळलं असेल, एकमेकांना धरून निभावलं असेल. औषध चुकीचं असू शकतं, पण भीती खरी आहे आणि ती तुम्हालाही आहे. म्हणून "दुसरं नको" हे भांडण त्यांच्याशी करत बसू नका, "आम्ही गेल्यावर काय" या प्रश्नावर त्यांना तुमच्या बाजूला ओढा. कसं ते पुढे सांगते.

आधी दुसऱ्या मुलाचं बघू. सासूबाईंच्या बोलण्यात असं धरलेलं आहे की दुसरं येईल ते "व्यवस्थित" येईल आणि पहिल्याला सांभाळेल. यातलं पहिलं घ्या. एका मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडाला असण्याची शक्यता इतर घरांपेक्षा जास्त असते. 2024 मध्ये आलेल्या एका मोठ्या परदेशी अभ्यासात हे प्रमाण साधारण 20 टक्के निघालं, पाठचा मुलगा असेल तर 25 च्या आसपास, मुलगी असेल तर 13. म्हणजे पाचातल्या चार घरांत तसं होत नाही, पण एका घरात होतं. तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. त ला वाढवताना तुम्ही जे शिकलात ते बघता तसं मूल झालं तर तुम्ही ते वाढवालच, पण ते थोरल्याची "सोय" म्हणून येणार असेल तर सगळा हिशेबच कोसळेल, आणि त्याचा राग कुणावर निघेल? त्या बाळावर, नाहीतर तुमच्यावर. विचार करायचाच असेल तर आधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांना दोघं मिळून भेटा, काही मुलांमध्ये रक्ताच्या तपासणीतून नेमकं कारण सापडतं आणि मग पुढचा अंदाज जास्त नीट देता येतो. सगळ्यांत सापडत नाही, हेही लक्षात ठेवून जा.

दुसरं गृहीत, की भावंड सांभाळेल. सांभाळतात, खूप जण फार प्रेमाने सांभाळतात. पण मला या सदरात अशा भावंडांचीही पत्रं येतात. लहानपणी यांना कुणी "त्रास देऊ नकोस" असं बोललेलं नसतं, तरी ते कधी त्रासच देत नाहीत, कारण घरातला त्रासाचा कोटा संपलेला आहे हे पोरांना फार लवकर कळतं. दहावीला चांगले मार्क पडले तर त्यातही कुणीतरी म्हणतं "चला, दादाची काळजी मिटली." लग्न ठरवताना समोरच्याला हे कधी सांगायचं, कॅनडाला जॉब लागला तर जायचं की नाही, असे प्रश्न. भावावर प्रेम नाही असं यातलं कुणीही लिहीत नाही. पण "आम्हाला कुणी विचारलं नव्हतं" हे वाक्य या ना त्या रूपात येतंच.

त्यामुळे दोन प्रश्न स्वतःला विचारा, आणि खरं उत्तर द्या, मला नका कळवू हवं तर. त ला ऑटिझम नसता तर तुम्हाला दुसरं हवं होतं का? आणि दुसरं मोठं होऊन नोकरीसाठी लांब गेलं, दादाला महिन्यातून एक फोन, दिवाळीला चार दिवस, एवढंच केलं त्याने, तरी ते तुम्हाला हवं असेल का? दोन्हीला मनातून हो येत असेल तर दुसरं मूल जरूर होऊ द्या, घर लहान आहे, पैसे ओढाताणीचे आहेत, पण मुंबईत यापेक्षा लहान घरात लोकांनी दोन-तीन पोरं वाढवलीत. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही आलं तर थांबा. दोन्हीला नाही आलं तर ते नाही म्हणजे नाही, त्यात त ला सोडल्याचा काही संबंध येत नाही. आणि "माहीत नाही" आलं तर तेही चालतं. 35 आहात, डॉक्टरांशी बोलून वर्षभर थांबायचं ठरवलंत तर आभाळ कोसळणार नाही, फक्त थांबायचं असं दोघांनी मिळून ठरवा, नुसतं टाळत राहू नका.

तुम्ही स्वार्थी आहात का? तुमच्याच पत्रात उत्तर आहे, ज्या बाईला न जन्मलेल्या मुलाला कामाला लावल्यासारखं वाटून झोप येत नाही तिला स्वार्थी कोण म्हणेल.

आणि ते लोकलचं डोक्यातून काढा, प्लीज. आईला दोष द्यायची ही खोड जुनी आहे, 1940 च्या दशकात ऑटिझमवर पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हापासून पुढची वीसेक वर्षं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते की थंड स्वभावाच्या आयांमुळे मुलं अशी होतात. किती आया त्या ओझ्याखाली गेल्या असतील देव जाणे. मग 1977 मध्ये जुळ्या मुलांवरचा पहिला नीट अभ्यास आला आणि त्यानंतर दिसत गेलं की यात सगळ्यात मोठा वाटा जनुकांचा आहे. भांडुप ते दादर गर्दीत उभं राहिल्याने ऑटिझम होत असता तर सेंट्रल लाइनवरची निम्मी पोरं तशी असती. लसींचंही तसंच. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 चा तो जो एक पेपर होता तो लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाने 2010 मध्ये मागे घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरचं रजिस्ट्रेशन त्याच वर्षी रद्द झालं. पण व्हॉट्सअपवरून काही जात नाही ते. नणंदबाईंना एवढं सांगा आणि विषय बदला, वाद घालण्यात तुमची शक्ती घालवू नका.

आता "आम्ही गेल्यावर काय". हा प्रश्न दुसऱ्या मुलापासून वेगळा काढा आणि त्यावर आजच काम सुरू करा, कारण दुसरं झालं तरी हे काम करावंच लागणार आहे. लोकांना वाटतं भाऊ-बहीण असले की ते आपोआप पालक होतात. कायद्याने तसं होत नाही. त 18 वर्षांचा होईपर्यंत तुम्ही आणि त्याचे बाबा पालक, पण 18 नंतर तुम्ही आई असूनसुद्धा कायद्याच्या भाषेत पालक राहत नाही. तेव्हा गरज असेल तर 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो, कलेक्टर त्या समितीत असतात, तुमच्यासाठी म्हणजे बांद्रा पूर्वेचं उपनगर कलेक्टर ऑफिस. तिथे आई-वडील स्वतःचं नाव देऊ शकतात किंवा विश्वासातल्या दुसऱ्या कुणाचं, तो सख्खा भाऊच असला पाहिजे असं नाही. अजून अकरा वर्षं आहेत. पण मृत्युपत्र करायला अकरा वर्षं थांबू नका, दोघांनी ते आत्ताच करून त्यात त च्यासाठी कुणाला नेमायचं आणि पैशाचं काय ते लिहा. आणि पैसे किंवा घर थेट त च्या नावावर करण्याआधी वकिलाला त्याच्यासाठी ट्रस्ट करण्याबद्दल विचारा, उद्या तो स्वतः सही करून व्यवहार करू शकला नाही तर बँकेत पडलेला पैसा त्याच्याच कामाला येत नाही.

त चं दिव्यांग सर्टिफिकेट काढलंय का ते तुम्ही लिहिलं नाही. बरेच पालक काढत नाहीत, "शिक्का" बसेल म्हणून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्ट नावाने आहे आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढा. त्यावर निरामय नावाची आरोग्य विमा योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो, आणि आधीची तपासणी मागत नाहीत. तुमचे मिस्टर जुन्या टॅक्स पद्धतीत रिटर्न भरत असतील तर कलम 80 डीडीमध्ये 75 हजारांची वजावट आहे, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. महिन्याला 14 हजार जाणाऱ्या घरात हे सोडून देण्यासारखं नाही. आणि लोकलच्या दिव्यांग डब्यात चढलात आणि कुणी म्हणालं "धडधाकट तर दिसतोय" तर कार्ड दाखवायचं आणि खिडकीबाहेर बघायचं.

खर्चावरून आठवलं, बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे वाणी आणि श्रवणाची, तिथली फी खासगीपेक्षा कमी असते, सायन हॉस्पिटललाही ऑटिझमसाठी वेगळी सोय आहे. वेटिंग असतं, नंबर लावून ठेवा. आणि कुणी स्टेम सेलने बरा करतो असं सांगून लाखांत आकडा सांगितला तर उठून या. नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच सांगितलंय की ऑटिझमवर उपचार म्हणून ते द्यायची शिफारस नाही. दागिने मोडून लोक हे करतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता सासूबाईंचं काम. एक दोनशे पानी वही आणा. त्यांच्याकडून त च्याबद्दल सगळं लिहून घ्या. भात कसा कालवायचा, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्याला काय सांगायचं, कोणत्या कापडाचा शर्ट चालत नाही, ताप आला की तो रडत नाही तर गप्प होतो, "पुढील स्टेशन भांडुप" म्हणजे काय, गणपतीत ढोल आला की कुठल्या खोलीत न्यायचं. तुम्ही लिहा, त्यांनी सांगायचं. यात तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी निघतील बघा. पुढे कुणीही त ला सांभाळायला आलं, मामा, शेजारीण, संस्थेतली ताई, तर त्या माणसाच्या हातात हे असेल. सासूबाईंनाही वाटेल की आपण गेल्यावर भात कसा कालवायचा ते कुणालातरी ठाऊक आहे. त्यांची भुणभुण यानंतर थांबेलच असं मी म्हणत नाही, पण कमी होईल.

आणि माणसं जमवा. एकाच्या खांद्यावर सगळं टाकण्यापेक्षा पाच-सहा जणांना थोडं थोडं जमायला हवं. समोरच्या काकूंकडे आठवड्यातून अर्धा तास, आधी तुम्ही बरोबर बसा, मग हळूहळू तुम्ही खाली भाजी आणायला जा. तुमच्या भावाला सांगा की वाढदिवसाला रिमोटची गाडी आणू नकोस, महिन्यातून एक रविवार त ला दे. काही जण टाळतील. एखादा राहील. फोरम फॉर ऑटिझम हा मुंबईतल्या पालकांनीच उभा केलेला गट आहे, तिथे ज्यांची मुलं आज पंचवीस-तीस वर्षांची आहेत अशा आया भेटतील, पुढचं खरं कसं असतं ते त्यांना विचारा, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगली उत्तरं आहेत. निवासी घरांचंही त्यांना माहीत असतं. काही घरं पालकांनीच एकत्र येऊन चालवलीत, नॅशनल ट्रस्टची समर्थ-कम-घरौंदा नावाची योजना आहे, पण जागा गरजेपेक्षा खूपच कमी आहेत, यात काही गोड करून सांगण्यासारखं नाही.

त च्या शिकण्यातही थोडा बदल सुचवते. तुम्ही लिहिलंय की सध्या रंग, आकडे, एबीसीडी चालू आहे. चालू दे. पण स्वतःची चड्डी स्वतः वर घेणं, डबा उघडणं, नको असेल तेव्हा हाताने किंवा चित्र दाखवून "नको" सांगणं, कुणी कुठे हात लावलेला चालत नाही, आईचा फोन नंबर, हे त्याच्या पुढच्या आयुष्याला एबीसीडीपेक्षा जास्त लागणार आहे. त्याला सगळं स्टेशनांच्या चालीवर पाठ होतं ना? मग नंबरही त्याच चालीवर म्हणा की. तुमच्या थेरपिस्टशी बोलून टॅबवर चित्रं दाबून बोलायचं ॲपही बघा, चेन्नईत तयार झालेलं आवाझ आहे, अशी इतरही आहेत. त्याने बोलणं मागे पडतं ही भीती बऱ्याच पालकांना असते, तसं दिसलेलं नाही.

राहता राहिले मिस्टर. ते बोलत नाहीत म्हणता, पण दर रविवारी त ला घेऊन भांडुप ते सीएसएमटी आणि परत, नुसता प्रवास करायला कोण जातं? रात्री साडेअकराला शिफ्टवरून आलेल्या माणसाला "दुसरं हवं का नको" विचारलंत तर तो "बघू" च म्हणणार. एका रविवारी तुम्हीही त्या गाडीत बसा, सकाळची, गर्दी नसलेली. त खिडकीत असेल, तुम्ही दोघं शेजारी. वरचे दोन प्रश्न तिथे विचारा. त्यांचं उत्तर तुमच्यासारखं असेलच असं नाही, आणि वेगळं निघालं तर एखाद्या समुपदेशकाकडे दोघांनी जावं, यात सासूबाईंना मध्ये न घेता. मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवायला घरातले दोनच जण पुरेसे असतात, वहीत मात्र सगळ्यांनी लिहावं.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. ज्यांचं मूल सतरा पूर्ण झालंय त्यांनी स्थानिक समितीची कागदपत्रं आत्ताच जमवायला घ्या. ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकरीत किंवा पेन्शनवर आहे त्यांनी स्वतःवर अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलाचं नाव फॅमिली पेन्शनसाठी ऑफिसात नोंदवलंय का ते तपासा, मागाहून आईला खेटे घालावे लागतात. आणि ज्या घरात आधीच भावंड आहे, तिथे त्या भावंडाला आठवड्यातून एक तास फक्त त्याचा असा द्या, त्यात दादाचा विषय काढायचा नाही.

ताई, सर्टिफिकेटला जाताना निदानाचे सगळे रिपोर्ट, आधार, फोटो, आणि प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स न्या. त चे हेडफोन, त्याला चालणारा डबा आणि कालनिर्णय पिशवीत टाका, कारण बसावं लागतं. जमलं तर सासूबाईंना बरोबर न्या, तिथे मुलाच्या सवयींबद्दल खूप प्रश्न विचारतात आणि निम्मी उत्तरं त्यांच्याकडेच असतील.